कड्यांचं चिलखत विणायला शिकताना: आधी फाशांची पिशवी

चिलखत विणायची हौस आलेला माणूस बहुतेक वेळा थेट अंगातल्या सदऱ्यालाच हात घालतो. मग छातीपुरता तुकडा होईतो मनगटं भरून येतात आणि तारेचं भेंडोळं माळ्यावर जातं. मोठ्या माणसाचा अर्ध्या बाह्यांचा सदरा म्हणजे वीस ते पंचवीस हजार कड्या आणि दहा-बारा किलो वजन. त्यातली प्रत्येक कडी हातानं उघडायची, ओवायची आणि मिटायची. म्हणून इथे ६४६ कड्यांची एक पिशवी करायची आहे. मेजावरचे युद्धखेळ खेळणाऱ्यांना फासे ठेवायला ती उपयोगी पडते. चिलखताची सगळी मूळ कामंही तिच्यात येऊन जातात: तार गुंडाळणं, कापणं, मिटणं, विणणं, कडेला कड जोडणं. नवख्याला एकूण आठ-दहा तास लागतील असं धरून चाला.

वीण आहे युरोपीय ‘चारात एक’. कापडाच्या मधली प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांतून गेलेली असते, दोन वरच्या ओळीतल्या आणि दोन खालच्या. रोमानियातल्या चुमेश्ती इथल्या केल्टिक थडग्यात इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातलं असं चिलखत सापडलं. रोमन सैनिकांनी ते उचललं. नॉर्वेतल्या गेर्मुंडबू इथे १९४३ मध्ये मिळालेलं दहाव्या शतकातलं चिलखतही कड्यांचंच. आपल्याकडे दख्खनमध्ये आणि उत्तरेत ते ‘जिरह’, ‘बख्तर’ अशा नावांनी वापरात होतं. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली शिवाजी महाराजांनी अंगरख्याआड घातलेलं चिलखत तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं.

एक फरक आधीच सांगून टाकतो. खऱ्या चिलखतातल्या कड्यांची टोकं चपटी ठोकून त्यांत बारीक रिव्हेट, म्हणजे ठोकून पक्की केलेली खीळ, बसवलेला असे. बऱ्याचदा एक ओळ रिव्हेटच्या कड्यांची आणि एक ओळ अखंड कड्यांची. भारतीय चिलखतांत तर काही वेळा अखंड कडीच्या मधोमध आडवी दांडीही दिसते. संग्रहालयात काचेआड चिलखत असेल तर नुसतं लांबून बघू नका, कडीवर रिव्हेटचा फुगवटा शोधा. आपण करणार आहोत ती टोकाला टोक भिडवलेली कडी. पिशवी, नाटकाचा पोशाख, शोभेचा सदरा यांना ती चालते. बोथट तलवारींनी प्रत्यक्ष मारामारी करणाऱ्यांच्या खेळात मात्र ती घालून उतरू नका. फटक्यानं कडी उघडते आणि उघडं टोक अंगात घुसतं.

तार कोणती घ्यायची

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन ‘जीआय तार, सोळा गेज, एक किलो’ एवढं सांगा. गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला आणि पुण्यात बोहरी आळीत ती सहज मिळेल. गावाकडे कुंपणाचं सामान विकणाऱ्याकडेही असते. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली पोलादी तार. ती हातानं वाकते, पण वाकवल्यावर आकार धरून ठेवते. नवख्याला हेच हवं.

दुकानदार बांधकामाची काळी बायंडिंग तार पुढे करेल, कारण ती स्वस्त आणि नेहमीची. ती घेऊ नका. ती भाजून मऊ केलेली असते आणि तिच्या कड्या पिशवीच्या वजनानंच ताणून उघडतात. ॲल्युमिनियम हलकं आणि सोपं, पण मऊ, आणि हाताला काळं लागतं. तांबं-पितळ सुंदर दिसतं, पण शिकताना वाया जाणाऱ्या कड्या महागात पडतात. स्टेनलेस स्टील गंजत नाही, मात्र त्याची तार इतकी कडक असते की पहिल्याच कामाला घेतलीत तर मनगट धरेल. ती दुसऱ्या-तिसऱ्या कामासाठी ठेवा.

गेजच्या आकड्यात एक सापळा आहे. आपल्या बाजारातलं १६ गेज म्हणजे ब्रिटिश मापाचं, १.६३ मिलिमीटर. अमेरिकन मापातलं १६ गेज म्हणजे १.२९ मिलिमीटर. परदेशी कृती वाचून ‘सोळा गेज, अमुक व्यास’ असं डोळे झाकून घेतलंत तर वीण एक तर अडकून बसेल नाही तर सैल लोंबेल. म्हणून नेहमी मिलिमीटरमध्ये बोला. दुकानात जाडी मोजायचं व्हर्निअर नसेल तर तार पेन्सिलीवर एकाला एक चिकटवून दहा वेळा गुंडाळा आणि पट्टीनं रुंदी मोजा. १६ ते १६.५ मिलिमीटर भरली की तार बरोबर आहे.

मिलिमीटरचा हा आग्रह कशासाठी? कडीचा आतला व्यास भागिले तारेची जाडी या गुणोत्तरावर सगळी वीण उभी असते. आपल्या कडीचं ते पाचाच्या आसपास येतं. साडेतीनच्या खाली गेलात तर चार कड्या एका कडीत मावता मावत नाहीत आणि कापड पुठ्ठ्यासारखं ताठ होतं. सहाच्या वर गेलात तर भोकं मोठी दिसतात, आणि मोठ्या कडीला जोर कमी असल्यामुळे ती लवकर उघडते. पुढे कधी १८ गेजची, म्हणजे १.२२ मिलिमीटरची बारीक तार घेतलीत तर सळी ६ मिलिमीटरची घ्या, गुणोत्तर तेच राहील.

एका किलोत साधारण ६१ मीटर तार येते. आपल्या मापाची एक कडी अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरते, त्यामुळे किलोभर तारेत दोन हजारांच्या आसपास कड्या निघतात. पिशवीला तिसरा हिस्साही लागत नाही. पण पहिली शंभरेक कडी वाकडीतिकडीच होते, म्हणून किलोभर घ्या.

हत्यारं

दोन पकडी हव्यात. एका पकडीनं हे काम होत नाही. सहा ते आठ इंची, चपट्या तोंडाच्या, आणि जमलं तर बिनदाताच्या. बाजारात सर्रास मिळणाऱ्या पकडींना दात असतात आणि ते जस्ताचा मुलामा खरवडतात. तो खरवडला की नेमका तिथूनच गंज धरतो. जबड्यांवर इलेक्ट्रिशियनच्या काळ्या टेपचे दोन वेढे मारले की काम भागतं, फक्त टेप मधून मधून बदलावी लागते. लांब निमुळत्या नोज प्लायरनं १६ गेजची तार मिटायला जाऊ नका. टोक पिळवटतं आणि पकड घसरते.

कापायला आठ इंची छोटा बोल्ट कटर सगळ्यांत सोयीचा. इलेक्ट्रिशियनचं साइड कटर चालतं, पण दीडेकशे कड्यांनंतर तळवा दुखायला लागतो. शिवाय त्यानं कापलेलं एक टोक सपाट आणि एक टोक तिरकं, टोकदार राहतं. बोल्ट कटरनं दोन्ही टोकं पाचरीसारखी होतात आणि ती एकमेकांना नीट भिडतात. सोनारी करवतीनं सर्वांत सपाट काप मिळतो, पण तिथे वेळ फार जातो. दागिने करायचे असतील तरच त्या वाटेला जा.

सळी म्हणजे ८ मिलिमीटरची गुळगुळीत ब्राइट बार, दोन फूट लांब. बांधकामाची पिळाची सळी नको, वेटोळं तिच्यावरून सरकत नाही. सोबत जाड हातमोजे आणि साधा पारदर्शक सुरक्षा-चष्मा. चष्म्याला ‘नंतर बघू’ म्हणू नका. कापताना कडी उडते ती सरळ चेहऱ्याच्या उंचीवर.

तार गुंडाळणं

दीड-दोन फूट लांब फळीवर वीतभर उंचीच्या दोन उभ्या पट्ट्या ठोका. दोन्हींत समोरासमोर ९ मिलिमीटरचं भोक पाडा आणि त्यातून सळी ओवा. सळीचं एक टोक हँडलसारखं दोनदा काटकोनात वाकवून घ्यायचं. घरी व्हाइस (शिकंजा) नसेल तर कोपऱ्यावरचा फॅब्रिकेशनवाला दोन मिनिटांत वाकवून देईल. त्याच्याकडूनच सळीत आरपार २ मिलिमीटरचं एक भोकही पाडून घ्या. तारेचं टोक या भोकात अडकतं.

भेंडोळं जमिनीवर पालथ्या बादलीवर घाला, म्हणजे तार सुटत येईल आणि तिला पीळ पडणार नाहीत. एक हात हँडलवर आणि मोजा घातलेला दुसरा हात तारेवर. तार ताणून धरायची, आणि सळीशी अगदी काटकोनात न धरता झालेल्या वेढ्यांकडे किंचित झुकती ठेवायची. मग नवा वेढा आधीच्याला घासून बसतो. वेढ्यांत फट राहिली की प्रत्येक कडी मळसूत्रासारखी पिळलेली निघते आणि मिटताना दुप्पट त्रास देते. तीस सेंटिमीटर लांबीचं वेटोळं केलंत तर त्यात १८० च्या आसपास कड्या निघतात आणि साडेपाच मीटरच्या वर तार जाते. अशी चार वेटोळी पुरे.

शेवट जपून करा. ताणलेल्या तारेचं टोक अचानक सोडलंत तर ते चाबकासारखं फिरतं. शेवटची वीतभर तार राहिली की थांबा, हँडल हळूहळू उलट फिरवून ताण उतरू द्या आणि मगच टोक कापा. ताण उतरला की वेटोळं थोडं सैल होतं. ८ च्या सळीवरच्या कड्या ८.३ मिलिमीटरच्या आसपास भरतात, हे धरूनच वरचं गुणोत्तर सांगितलं आहे.

ड्रिल मशीनला सळी लावून हे काम भराभर होतं हे खरं, पण वेग कमी-जास्त करता येणारं मशीन असेल आणि तार नुसत्या चिमटीत धरलेली असेल तरच. तार हाताला गुंडाळून कधीही धरू नका.

आणि जीआय तार मऊ करायला म्हणून गॅसवर तापवू नका. जस्त जळून निघणारा पांढरा धूर छातीत गेला की थंडी-तापासारखा त्रास होतो.

कापणं

वेटोळं सळीवरून काढा आणि एका टोकापासून एकेक वेढा कापत जा. सगळे काप एका सरळ रेषेत आले पाहिजेत. त्यासाठी वेटोळ्यावर आधी मार्करनं लांबीभर रेघ मारून ठेवा. कटर आणि वेटोळं दोन्ही प्लास्टिकच्या मोठ्या पारदर्शक पिशवीत धरून कापलंत तर उडालेल्या कड्या आतच राहतात. घरात रांगतं मूल असेल तर हा सल्ला नाही, नियम समजा.

कापलेल्या कडीची दोन टोकं एकमेकांपासून तारेच्या जाडीएवढी बाजूला सरकलेली असतात. वेटोळ्याचाच तो भाग असल्यानं तसंच व्हायचं.

कडी मिटणं

विणीची चूक दिसली तर ती सुधारता येते. नीट न मिटलेली कडी मात्र दिसत नाही. दोन महिन्यांनी ती निसटते आणि तिथे भोक पडतं. म्हणून इथे वेळ घाला.

कडीचं तोंड वर, घड्याळाच्या बाराच्या जागी ठेवा. डाव्या पकडीत दहाची जागा, उजव्या पकडीत दोनची. आता एक मनगट पुढे आणि दुसरं मागे असं वळवा. टोकं एकमेकांजवळून बाजूनं सरकली पाहिजेत. कडी दोन्ही बाजूंना ओढून फाकवली की तिचा गोल मोडतो आणि तो पुन्हा जमत नाही. उघडताना आणि मिटताना दोन्ही वेळा हालचाल बाजूचीच.

मिटताना टोकं नुसती समोरासमोर आणून थांबू नका. पोलादी तार थोडी मागे फिरतेच, त्यामुळे केसाएवढी फट राहते. मनगटं वळवतानाच दोन्ही पकडी एकमेकींकडे हलक्या दाबा, टोकं एकमेकांच्या किंचित पलीकडे जाऊ द्या, मग परत आणा. टोकाला टोक घासून ‘कट’ असा बारीक धक्का हाताला लागतो. तो लागला की कडी मिटली. उजेडाकडे धरून बघा, सांध्यातून प्रकाश दिसता कामा नये. नंतर जुन्या सुती ओढणीवर कडी फिरवा. धागा अडकला तर टोक वर-खाली राहिलं आहे, पुन्हा दाबा. तरीही अडकत असेल तर बारीक कानशीचे दोन हात मारा, पण सगळ्याच कड्या घासत बसू नका. कानशीनं मुलामा जातो.

विणण्याआधी ३३० कड्या मिटून एका वाटीत ठेवा. ३१६ कड्या ३-४ मिलिमीटर उघडून दुसऱ्या वाटीत. हा हिशोब पुढे तंतोतंत जुळतो. काम कंटाळवाणं आहे, रेडिओ लावून बसा. पण एकदा या दोन वाट्या भरल्या की विणताना हात थांबत नाही.

पहिली पट्टी

उघडी कडी घ्या, तिच्यात चार मिटलेल्या ओवा आणि ती मिटा. काळ्या कापडावर ठेवून दोन कड्या वर आणि दोन खाली पसरा. जोडणारी कडी मधे येते. वरच्या दोन कड्या एकाच बाजूला कललेल्या असल्या पाहिजेत, खालच्या दोनही त्याच बाजूला, आणि मधली विरुद्ध बाजूला. हा कल डोळ्यात बसवायला पाच मिनिटं द्या. विणीतल्या बहुतेक चुका कल उलटा झाल्यानं होतात.

वरच्या-खालच्या दोन-दोन कड्यांच्या ओळीला ‘अ’ म्हणू आणि मधल्या ओळीला ‘ब’. पुढची उघडी कडी घ्या, तिच्यात दोन मिटलेल्या ओवा, ती सर्वांत खालच्या दोन्ही ‘अ’ कड्यांतून घाला आणि मिटा. नव्या दोन कड्या खाली लोंबतील. त्या वरच्यांच्याच कलाला बसवा. असंच खाली खाली जात ११ ‘अ’ ओळी आणि १० ‘ब’ ओळी होऊ द्या. पट्टीत ३२ कड्या झाल्या आणि पिशवीची उंची ठरली.

आता पट्टीच्या वरच्या डाव्या कडीला लाल दोरा बांधा आणि तो शेवटपर्यंत काढू नका. तुकडा उचलून ठेवताना उलटा झाला की सगळे कल आरशातल्यासारखे फिरतात. दोरा नसेल तर ते कळायला वीस कड्या उसवाव्या लागतात.

रुंदी वाढवणं

पट्टी उभी ठेवून उजवीकडे एकेक उभा रकाना वाढवायचा. सर्वांत वर, उघड्या कडीत दोन मिटलेल्या ओवा. ती उघडी कडी पट्टीच्या उजव्या काठाच्या पहिल्या आणि दुसऱ्या ‘अ’ ओळीतल्या कड्यांतून घालून मिटा. नव्या दोन कड्यांतली एक पहिल्या ‘अ’ ओळीत जाते, एक दुसऱ्या. त्याखालच्या जोडाला उघड्या कडीत एकच नवी मिटलेली लागते. ती उघडी कडी काठाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीतल्या कड्यांतून आणि नुकत्याच आलेल्या वरच्या नव्या कडीतूनही जाते. म्हणजे जुन्या दोन, नवी वरची एक, नवी खालची एक. चारचा आकडा भरला. तळापर्यंत असंच.

एका रकान्याला १० उघड्या आणि ११ मिटलेल्या कड्या जातात. असे २८ रकाने वाढवले की ‘अ’ ओळीत ३० आणि ‘ब’ ओळीत २९ कड्या होतात. पत्रा, म्हणजे सपाट तुकडा, ६२० कड्यांचा झाला.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे चारऐवजी तीनच कड्या पकडल्या जाणं. बहुतेकदा ती ‘नुकतीच आलेली वरची’ सुटते. दर रकान्यानंतर तुकडा उचलून खिडकीकडे धरा. विणीची भोकं एकसारखी दिसतात, चुकलेल्या जागी एक मोठं भोक लगेच डोळ्यात भरतं. तेव्हाच उसवलंत तर एक कडी उघडावी लागते, पाच रकान्यांनी लक्षात आलं तर बरीच. दुसरी चूक नवी कडी चुकीच्या बाजूनं कलण्याची. ती शेजाऱ्यांवर आडवी चढून बसते आणि बोटानं सपाट करू गेलं तरी पुन्हा उठते. जोर लावू नका, जोडणारी कडी उघडून ती फिरवून घाला.

मेजावर तुकडा गोळा होऊन बसत असेल तर वरच्या ओळीतून विणकामाची सुई ओवून दोन पुस्तकांच्या मधे लटकवा. वजनानं ओळी आपोआप सुट्या होतात आणि कुठली कडी कुठल्या ओळीतली ते स्पष्ट दिसतं.

नळी आणि तळ

ओळी आडव्या राहतील अशा बेतानं पत्रा गुंडाळा आणि उजवा काठ डाव्याला भिडवा. ‘ब’ ओळीत आपण एकेक कडी मुद्दाम कमी ठेवली होती. आता प्रत्येक ‘ब’ ओळीच्या जागी एक उघडी कडी घ्या आणि चार कड्यांतून घाला: उजव्या काठाच्या वरची-खालची ‘अ’ आणि डाव्या काठाच्या वरची-खालची ‘अ’. दहा कड्यांत नळी बंद होते. काम नीट झालं असेल तर शिवण कुठे आहे ते शोधावं लागतं. दिसत असेल तर बहुधा जोडताना एक ओळ वर-खाली सरकली आहे. लाल दोऱ्याच्या ओळीपासून मोजत या.

ओळी आडव्या ठेवायचं कारण आहे. या विणीला कापडासारखा उभा-आडवा स्वभाव असतो. ओळी आडव्या असल्या की वजनानं कड्या जवळ येऊन वीण मिटते, आणि आत काही भरलं की बाजूला फाकते. ओळी उभ्या ठेवल्यात तर पिशवी जाळीसारखी उघडी लोंबते आणि रुंदीला अजिबात ताण देत नाही. सदऱ्याचं गणितही हेच. श्वास घेताना छाती फुगायला जागा त्यातूनच मिळते.

तळासाठी नळी चपटी करा. पुढे १५ ‘अ’ कड्या आणि मागे १५. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून एकेक उघडी कडी पुढच्या लगतच्या दोन आणि मागच्या समोरच्या दोन कड्यांतून घाला. अशा १४ लागतात. दोन्ही कोपऱ्यांत पुढची-मागची एकेक कडी जोडणाऱ्या दोन, एकूण १६. इथे पुढच्या आणि मागच्या ओळीचा कल एकमेकांच्या उलटा येतो, त्यामुळे ही शिवण बाजूच्या शिवणीसारखी अदृश्य होत नाही, बारीक उंचवटा राहतो. तो दोष नव्हे. ज्याला बिनउंचवट्याचा गोल तळ हवा असेल त्यानं शेवटच्या ओळींत एका कडीत वरच्या दोनऐवजी तीन पकडून घेर आटवायला शिकावं. पण ते पहिल्या पिशवीत नको.

३ मिलिमीटरची सुती किंवा चामड्याची नाडी सर्वांत वरच्या ‘अ’ ओळीतून आत-बाहेर ओवा. काठाच्या कड्यांत दोनच कड्या असल्यानं तिथे नाडीला जागा मिळते, खालच्या ओळींत ती घुसमटते. पिशवी तळहाताएवढी होते, वजन तीनशे ग्रॅमच्या वर, आणि नेहमीच्या मापाचे पंधरा-वीस फासे आरामात मावतात.

धुणं आणि पावसाळा

नव्या तारेवर तेल आणि राखाडी भुकटी असते. पांढऱ्या फाशांवर ती उतरते. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थेंब टाकून पिशवी चांगली खळबळून धुवा, दोन पाण्यांतून काढा आणि लगेच वाळवा. पंख्याखाली ठेवून भागत नाही, कड्यांच्या सांध्यात पाणी राहतं. हेअर ड्रायर नाही तर कडक ऊन. सुरुवातीचे काही दिवस हाताला थोडं राखाडी लागतच राहतं. आत सुती अस्तराची छोटी पिशवी घातली की फासे स्वच्छ राहतात.

जीआयला सगळीकडे मुलामा असला तरी कापलेली टोकं उघडी असतात. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत तिथे तांबूस ठिपके दिसायला एक पावसाळा पुरतो. शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा फिरवून, सिलिका जेलच्या पुड्या घालून झाकणाच्या डब्यात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवू नका, ओल आतच कोंडते. मध्ययुगीन युरोपात गंजलेली चिलखतं वाळू आणि सिरक्यासह पिंपात घालून घोळवत. तेव्हा मुलामा नव्हता म्हणून ते चालत असे. जीआयला सिरका किंवा लिंबू लावलंत तर आधी जस्तच जाईल.

सदऱ्याकडे जाताना

पिशवी जमली की पुढचं काम मनगटपट्टीचं घ्या, मग सदऱ्याचा विचार करा. सदऱ्यात नवखे हमखास चुकतात ते बाहीत. धडाच्या ओळी आडव्या असतात. त्याच ओळी तशाच वाढवत बाही केली तर त्या हाताच्या लांबीनं धावतात, बाही उघडी लोंबते आणि कोपराशी अडते. बाहीच्या ओळी हाताभोवती गोल फिरल्या पाहिजेत. त्यासाठी बाही वेगळी विणून खांद्याशी ओळींची दिशा वळवावी लागते, आणि ४५ अंशांत केलेला जोड तिथे सर्वांत सफाईदार बसतो. काखेत सैल तुकडा ठेवा, नाही तर हात वर केला की सगळा सदरा वर ओढला जातो. आत जाड गोधडीसारखा शिवलेला अंगरखा हवाच. त्याच्याशिवाय दहा किलो पोलाद थेट खांद्याच्या हाडांवर बसतं. कमरेला पट्टा घट्ट बांधून वरचा भाग थोडा फुगवून घेतला की निम्मं ओझं कमरेवर येतं.

किलोभर तारेतली हजाराच्या वर कड्या होतील एवढी तार अजून उरली असेल, तिच्याही कड्या करा. त्यांचे हाताएवढे दोन चौकोन विणा आणि हा ४५ अंशांचा जोड आधी त्यांच्यावर करून बघा.